कुंपण : एका व्हिडिओ निबंधाच्या प्रकल्प नोंदी

१२ मे

आमच्या चित्रपट मंडळाच्या पावसाळी मालिकेचा शेवटचा सिनेमा ठरला. ‘कोब्रा नेरो’, १९८७, दिग्दर्शक स्तेल्वियो मास्सी, नायक फ्रेड विल्यमसन. गंभीर सिनेमे झाले की मंडळी शेवटी एक मसालेदार मागतातच. यंदा इटालियन मारधाडपटाचा नंबर लागला. सिनेमाआधी पडद्यावर अर्ध्या तासाचा मराठी व्हिडिओ निबंध दाखवायचा, हे काम माझ्याकडे आलं.

वाटणी अशी: लेखन आणि संकलन मी. निवेदन ताई करणार, त्यांचा आकाशवाणीचा आवाज आहे. ध्वनी मंडळातला सगळ्यात धाकटा मुलगा बघेल. कायद्याचं काही निघालं तर वकीलकाका आहेतच, आणि ते विचारल्याशिवायही सांगतील.

कथा दोन ओळींची. फॅशन फोटोग्राफर असलेली एक बाई (एव्हा ग्रिमाल्दी) खून होताना बघते आणि खुन्याचा चेहरा कॅमेऱ्यात पकडते. मोटारसायकलवाल्यांची टोळी तिच्या मागे लागते. लेफ्टनंट मॅलोन तिला जपतो. बस.

१५ मे

सिनेमा सलग पाहिला. प्रत व्हीएचएसवरून काढलेली, रात्रीच्या प्रसंगांत अर्धी चौकट काळीठिक्कर. तरी मास्सीचा हात कळतो. हा माणूस आधी कॅमेरामन, मग दिग्दर्शक. त्याचा १९७७ चा ‘पोलित्सियोत्तो स्प्रिंट’ पाहिला असेल त्याला आठवेल, गाडीच्या पाठलागात कॅमेरा कसा डांबराला घासत जातो ते. इथे तेवढे पैसेही नाहीत आणि तेवढी हौसही उरलेली दिसत नाही.

सांगाडा सरळसरळ अमेरिकेतल्या ‘कोब्रा’चा आहे, तो १९८६ चा. तिथे सिल्व्हेस्टर स्टॅलोन, साक्षीदार मॉडेल, मागे खुनी टोळी. इथे मॉडेलच्या जागी मॉडेलचे फोटो काढणारी. नावातला साप तोच, रंग तेवढा काळा. आणि गंमत म्हणजे त्या अमेरिकन ‘कोब्रा’चा दिग्दर्शक जॉर्ज कॉस्मातोस जन्मला फ्लॉरेन्समध्ये! म्हणजे उसना माल फिरून घरीच आला. हे निबंधात घ्यायचंच.

टोळीच्या म्होरक्याचं नाव श्रेयनामावलीत कार्ल लँडग्रेन. हा खरा ब्रुनो बिलोत्ता. इंग्रजी नावं लावायची ही रीत जुनी आहे. सेर्जिओ लिओने आपल्या पहिल्या वेस्टर्नला बॉब रॉबर्टसन झाला होता, आंतोनिओ मार्गेरिती तर वर्षानुवर्षं अँथनी एम. डॉसन म्हणून वावरला.

१९ मे

धाकट्याने विचारलं, “दादा, आवाज आणि ओठ जुळत नाहीयेत. आपल्या फाइलमध्ये घोळ आहे का?”

फाइल ठीक आहे. त्या काळचा बहुतेक इटालियन सिनेमा सेटवरचा आवाज ठेवतच नसे. प्रत्येक नट आपापल्या भाषेत बोले, नंतर स्टुडिओत सगळं नव्याने भरत. एकाच प्रसंगात विल्यमसन इंग्रजीत आणि समोरचा इटालियनमध्ये, असं सर्रास चाले. त्यामुळे कुठलीच भाषावृत्ती ‘मूळ’ नसते. आम्ही इंग्रजी वृत्ती दाखवतोय.

विल्यमसनबद्दल दोन मिनिटं ठेवली. अमेरिकन फुटबॉलपटू, १९६७ चा पहिला सुपर बोल खेळलेला, टोपणनाव ‘हॅमर’. सत्तरच्या दशकात काळ्या प्रेक्षकांसाठी निघालेल्या मारधाडपटांचा नायक, आणि तो बाजार बसल्यावर १९७८ पासून इटलीत. सिगार तोंडात धरून तो नुसता उभा राहिला तरी चौकट भरते. सिनेमातलं सगळ्यात खरं तेवढंच आहे.

२४ मे

एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. इटलीतल्या दिग्दर्शकाने इटलीतली साक्षीदार सोडून अमेरिकेतली का घेतली?

एक उत्तर गल्ल्यात सापडतं. १९७५ मध्ये इटलीत वर्षाला ५१ कोटींच्या आसपास तिकिटं विकली जात होती. १९८५ मध्ये ती सव्वाबारा कोटींच्या घरात आली. १९७६ च्या न्यायालयीन निकालानंतर खासगी वाहिन्या फोफावल्या, लोक घरी बसले. मिलान, रोम, जेनोआच्या रस्त्यांवर घडणारे पोलीसपट थिएटरवर जगत होते. थिएटर गेलं तसे तेही गेले. उरला परदेशी व्हिडिओ बाजार. तिथे विकायचं तर नायक अमेरिकन हवा आणि शहर असं हवं की ते कुठलंही वाटावं.

हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे.

२ जून

भिंतीवर कागद लावून सालं मांडली. वरच्या ओळीत सिनेमे, खालच्या ओळीत इटलीत खरोखर काय चाललं होतं ते. ‘कोब्रा नेरो’च्या खाली जे आलं त्याने निबंधाचा रोखच फिरला.

१० फेब्रुवारी १९८६ ते १६ डिसेंबर १९८७. सिसिलीतल्या पालेर्मोत माफियावर चाललेला महाखटला. उच्चारदोने तुरुंगाला लागून खास बांधलेलं अष्टकोनी न्यायालय, तोफगोळा पडला तरी टिकेल असं. भिंतीलगत आरोपींचे पिंजरे. ४७५ आरोपी. त्या सगळ्याचा कणा म्हणजे तोमासो बुशेत्ता या माफियातल्याच माणसाची साक्ष. त्याला १९८४ च्या जुलैत ब्राझीलहून आणलं आणि त्याने न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांच्यासमोर तोंड उघडलं. शेवटी १९ जन्मठेपा आणि बाकीच्यांना मिळून २६६५ वर्षांची शिक्षा.

म्हणजे देशातला सगळ्यात मोठा साक्षीदार-रक्षणाचा प्रसंग रोज बातम्यांत दिसत होता, आणि त्याच वेळी त्याच देशातला दिग्दर्शक एका बाईला चामडी जाकीटवाल्या मोटारसायकलस्वारांपासून वाचवत होता.

ताईंना फोनवर वाचून दाखवलं. म्हणाल्या, “अरे, पण लोक मारामारी बघायला येणार आहेत. तू त्यांना कोर्टात नेऊन बसवणार?”

नेणार. पण मारामारीच्या वाटेने.

९ जून

कोर्टाआधी एक जुना सिनेमा लागेल, आणि तो आहे दामियानो दामियानीचा १९७१ चा. लांबलचक नाव आहे, अर्थ साधारण ‘एका पोलीस कमिसारचा सरकारी वकिलापाशी कबुलीजबाब’. मार्टिन बाल्सम थकलेला कमिसार बोनाविया, फ्रांको नेरो तरुण, सरळमार्गी वकील त्राइनी. पालेर्मोचा बिल्डर लोमुन्नो, त्याच्या खिशात शहर.

आज तो दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा फक्त साक्षीदाराच्या बाजूने. सेरेना ली पूमा (मारिलू तोलो) बिल्डरला आतून ओळखते. ती लपून आहे. त्राइनी तिला बोलायला राजी करतो, आणि मग ती मारली जाते. तिचं प्रेत बांधकामाच्या काँक्रीटमध्ये जातं. दामियानी हे असं दाखवतो की आपण गोळीबाराची वाट बघत बसतो आणि समोर येतं सिमेंट. शहर वाढतंय, इमारत उभी राहतेय, रोजचं काम चालू आहे.

‘कोब्रा नेरो’त प्रश्न असतो, खुनी तिच्यापर्यंत पोहोचेल का? इथे पोहोचणार हे पहिल्यापासून माहीत. प्रश्न एवढाच की ती कुठे आहे हे सांगितलं कोणी. कचेरीतल्या कोणी? कोणत्या मजल्यावरच्या? शेवटी त्राइनी आपल्याच वरिष्ठाकडे, मुख्य सरकारी वकील माल्ताकडे, नुसता बघतो आणि सिनेमा तिथेच संपतो. एकही गोळी न उडवता.

कुंपणानेच शेत खाल्लं तर राखण कोणी करायची, हा दामियानीचा सिनेमा. निबंधाचं नाव मिळालं: ‘कुंपण’.

एक आक्षेप स्वतःच लिहून ठेवतो, नाहीतर वकीलकाका काढतील. फितूर पोलीस अमेरिकन ‘कोब्रा’तही आहे: साक्षीदाराच्या पहाऱ्यावरची पोलीस बाईच टोळीची निघते. खरंय. पण ती टोळीतून पोलिसांत घुसलेली, बाहेरून आलेली कीड. तिला मारलं की खातं पुन्हा स्वच्छ. दामियानीच्या सिनेमात मारायचं कोणाला? बोनाविया बिल्डरला गोळ्या घालतो, तुरुंगात जातो, तिथे तोच मारला जातो, आणि वरचा माणूस जागेवरच राहतो. फरक इथे आहे. तो आवाजात सांगायचा नाही. दोन्ही सिनेमांचे शेवट एकामागोमाग लावायचे आणि ताईंनी गप्प राहायचं.

१६ जून

आता खऱ्या माणसांची बाजू. हा भाग लिहायला सगळ्यात वेळ लागतोय आणि लागू दे.

पहिला लिओनार्दो विताले. मार्च १९७३ मध्ये पालेर्मोच्या पोलिसांत स्वतःच्या पायांनी गेला आणि माफियाची सगळी रचना सांगितली, आपल्या खुनांसकट. त्याचं कोणी फारसं मानलं नाही. त्याला वेडा ठरवून वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात ठेवलं. सुटल्यावर काही महिन्यांतच, डिसेंबर १९८४ मध्ये, त्याला गोळ्या घातल्या. दामियानीच्या सिनेमाची सुरुवातच मनोरुग्णालयातून सोडलेल्या माणसाने होते, तीही विताले पोलिसांत जाण्याच्या दोन वर्षं आधी. माझ्या मते दामियानीला भविष्य दिसत नव्हतं. वेड्याचा दाखला कशाकशासाठी वापरता येतो हे पालेर्मोत राहणाऱ्याला आधीच माहीत असणार, एवढंच.

दुसरा निन्नी कासारा, पालेर्मो पोलिसांतला फाल्कोनेंचा उजवा हात. २८ जुलै १९८५ ला त्याचा सहकारी बेप्पे मोंताना मारला गेला. रोबेर्तो अँतियोकिया हा २३ वर्षांचा पोलीस तेव्हा रोमला बदलून गेला होता. मोंतानाच्या अंत्यविधीला आला तो परत गेलाच नाही. रजा असताना कासाराच्या सोबत राहू लागला, राखणीला. ६ ऑगस्टला कासारा घरी आला. तो रोज घरी येत नसे, वेळ ठरलेली नसे, आणि तो येतोय हे फार थोड्यांना माहीत होतं. समोरच्या इमारतीतून कलाश्निकोव्हच्या दोनशेहून अधिक गोळ्या झाडल्या गेल्या. बायको बाल्कनीतून बघत होती. कासारा आणि अँतियोकिया दोघेही गेले.

गाडी चालवणारा नाताले मोंदो वाचला, आणि वाचला म्हणूनच संशय त्याच्यावर आला. निरोप पोहोचवणारा हाच. त्याला तुरुंगात टाकलं. मग निर्दोष ठरून सुटला. १४ जानेवारी १९८८ ला माफियाने त्यालाही मारलं.

ही नोंद वाचून धाकटा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “याच्यावर सिनेमा का नाही काढला त्यांनी १९८७ मध्ये?” तोच आपला निबंध आहे बाबा.

कासारा गेल्यावर फाल्कोने आणि पाओलो बोर्सेल्लीनो यांना बायकामुलांसह आझिनारा नावाच्या तुरुंगबेटावर हलवलं. खटल्याचं आरोपपत्र त्यांनी तिथे बसून पुढे नेलं. साक्षीदाराला लपवतात, इथे न्यायाधीश लपवावे लागले. आणि तिथल्या मुक्कामाचं बिल नंतर त्यांच्याच नावे निघालं. हे वाक्य ताईंनी कुठलाही भाव न आणता वाचायचं, अशी संहितेत खूण केली आहे.

२३ जून

वकीलकाकांकडे चहा. इटलीत सहकार्य करणाऱ्या माफिया-साक्षीदारांसाठी रीतसर कायदा आला १९९१ मध्ये. म्हणजे बुशेत्ता बोलला तेव्हा त्याच्यासाठी कायद्यात चौकटच नव्हती. त्याला अमेरिकेच्या संरक्षणाखाली ठेवावं लागलं. गुन्हेगार नसलेले साधे साक्षीदार आणि फुटलेले गुन्हेगार यांना वेगळं मानलं जायला २००१ उजाडलं.

काका म्हणाले, “हसू नकोस. आपल्याकडे साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली ती डिसेंबर २०१८ मध्ये.” हसत नव्हतो.

रीता आत्रियाचा उल्लेख ठेवायचा का यावर बोललो. पार्तान्नाची मुलगी, वडील आणि भाऊ माफियात होते आणि माफियानेच मारले. सतरा वर्षांची असताना बोर्सेल्लीनोंपाशी बोलली, नाव बदलून रोममध्ये ठेवली गेली. १९ जुलै १९९२ ला बोर्सेल्लीनो मारले गेले. आठवड्याने तिने जीव दिला. ठेवायचा, पण एकाच वाक्यात आणि मागे संगीत नको.

३० जून

शेवटचा सिनेमा: ‘ला स्कोर्ता’, १९९३, रिकी तोन्यात्सी. संगीत एन्यो मोरिकोने. त्रापानीत बदलून आलेला न्यायाधीश (कार्लो चेक्की) आणि त्याला जपणारे चार पोलीस. साक्षीदाराऐवजी न्यायाधीश, पण काम तेच. खऱ्या माणसावर बेतलेला, त्रापानीचे न्यायाधीश फ्रांचेस्को ताउरिझानो यांच्यावर. हे पोलीस मॅलोनसारखे नाहीत. यांना चिलखती गाडी मिळत नाही, बदलीचे अर्ज पडून असतात, घरची माणसं रुसलेली असतात. भांडण कशावरून, तर शहराच्या पाण्यावरून. विहिरी कोणाच्या, पाणी विकतं कोण. टँकरचा धंदा ज्याने जवळून पाहिलाय त्याला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

आणि तुकडीतल्याच एकाला वरून सांगितलं जातं, न्यायाधीश काय करतो ते आम्हाला कळवत जा. त्याला बदली हवी असते. बावीस वर्षांनी पुन्हा दामियानीचाच प्रश्न, पण या वेळी कळवणाऱ्याच्या बाजूने. मला हा सिनेमा दामियानीच्या तोडीचा वाटत नाही, शेवटाकडे जरा मऊ पडतो. पण गाडीखाली आरशाने बॉम्ब शोधायचे प्रसंग बघा. रोज सकाळी, तीच गाडी, तोच आरसा. मारधाडपटातला सगळ्यात मोठा ताण त्या कंटाळ्यात आहे.

हा सिनेमा निघाला तोवर २३ मे आणि १९ जुलै १९९२ होऊन गेले होते. फाल्कोनेंबरोबर तीन रक्षक गेले, बोर्सेल्लीनोंबरोबर पाच. त्यात एमानुएला लोई ही २४ वर्षांची पोलीसही होती. प्रेक्षक थिएटरात शिरले तेव्हा रक्षकांची नावं पाठ असणार.

६ जुलै

संकलनात अडकलो होतो ते आज सुटलं. ‘कोब्रा नेरो’पासून पालेर्मोकडे वळायचं कसं? उत्तर सिनेमातच होतं: साक्षीदार फोटोग्राफर आहे.

पालेर्मोतही एक होती, लेतीत्सिया बातालिया. ‘लोरा’ या सायंदैनिकासाठी तिने वर्षानुवर्षं माफियाचे खून टिपले. ६ जानेवारी १९८० ला सिसिलीचे प्रांताध्यक्ष पिएर्सांती मात्तारेल्ला यांना गोळ्या घातल्या, तेव्हा त्यांना गाडीतून बाहेर काढणारा भाऊ तिच्या फोटोत आहे. तो भाऊ सेर्जिओ, २०१५ पासून इटलीचा राष्ट्राध्यक्ष. आणि १९७९ चे तिचे दोन फोटो, ज्यांत माजी पंतप्रधान आंद्रेओत्ती माफियाशी जोडलेल्या नीनो साल्व्होसोबत दिसतात, ते पोलिसांना तिच्या संग्रहात मिळाले १९९३ मध्ये. तिला स्वतःलाही ते लक्षात नव्हते.

सिनेमातल्या बाईचा एक फोटो दोन दिवसांत खुन्याला गाठतो. बातालियाचा फोटो चौदा वर्षं पेटीत पडून राहिला. वळण असं: एव्हा ग्रिमाल्दीच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश, पांढरी चौकट, आणि त्यावर ताईंचा आवाज, “पालेर्मोत असाच एक कॅमेरा होता.”

बातालियाचे फोटो मात्र वापरायचे नाहीत. हक्क आपल्याकडे नाहीत, आणि रस्त्यावरची प्रेतं पावसाळी मालिकेत पॉपकॉर्नसोबत दाखवायची माझी तयारी नाही. वर्णन पुरेल. सिनेमांचे तुकडे परीक्षण म्हणून, लागतील तेवढेच. त्यावर वकीलकाकांनी कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ वर अर्धा तास घेतला.

१३ जुलै

निवेदनाचं ध्वनिमुद्रण. पंखा बंद, खिडक्यांना गाद्या, तरी शेजारच्या शाळेची घंटा दोनदा आत आली. ताईंनी इटालियन नावं आदल्या रात्री घोटून ठेवली होती. ‘उच्चारदोने’ मराठीत कसं छान बसतं यावर हसणं झालं.

बिलाचं वाक्य त्यांनी पहिल्याच टेकमध्ये हवं तसं वाचलं. मोंदोच्या परिच्छेदाला मात्र थांबल्या आणि म्हणाल्या, “निर्दोष सुटला, याच्यानंतर थोडी जागा सोड. लगेच मारू नकोस त्याला.” जागा सोडली.

धाकट्याने सिनेमांचा आवाज एका पातळीवर आणला. ‘कोब्रा नेरो’तल्या बंदुका दामियानीच्या बंदुकांच्या दुप्पट वाजतात. त्याने त्या कमी केल्या होत्या. मी पुन्हा वाढवायला लावल्या. फरक कानाला कळला पाहिजे.

१८ जुलै

अंतिम लांबी अर्ध्या तासाच्या थोडी वर गेली. कापायला तीन जागा होत्या. टोपणनावांचा भाग निम्मा केला, कॉस्मातोस ठेवला. विल्यमसनच्या सुपर बोलवर कात्री आली. धाकटा नाराज आहे, पण त्याला निबंधानंतरच्या गप्पांत तो किस्सा सांगायला दिलाय.

कोणी विचारेलच, मग ‘कोब्रा नेरो’ दाखवता कशाला, सरळ दामियानी लावा. मला दोन्ही हवेत. नुसता दामियानी पाहून माणूस मान डोलावत घरी जातो. हा अर्धा तास बघून मग मॅलोन टोळीला लोळवताना दिसला, की टाळ्या वाजवता वाजवता हात जरा अडखळावा. आणि टाळ्या वाजल्याच तरी हरकत नाही, विल्यमसनने त्या कमावल्या आहेत.

फाइल निर्यात केली, एक प्रत हार्डडिस्कवर, एक ताईंच्या लॅपटॉपवर. उपशीर्षकांत बोर्सेल्लीनो दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलं गेलंय, ते उद्या सकाळी दुरुस्त. शनिवारी प्रोजेक्टरवर चाचणी. त्याआधी हॉलची किल्ली कोणाकडे आहे ते विचारायचं.